मदत हवी आहे : या वयात हे विचारायचं कुणाला?

ॲडमिनताई, नाव न देता पोस्ट टाकलीत, आभार.

मी ५४, हे ६१. भांडुपला वन रूम किचन. मुलगा-सून गेल्या वर्षी वेगळे राहायला गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदा आम्हाला दार लावायला खोली मिळाली. (हसा, मीही हसते.) पण आता शरीर साथ देत नाही. पाळी जाऊन ४ वर्षं झाली. कोरडेपणामुळे इतकं दुखतं की मीच टाळते. शिवाय वरचेवर लघवीला जळजळ. यांना जुना मधुमेह, त्यामुळे त्यांचीही अडचण आहेच, पण बोलतील तर शपथ!

जवळच्या डॉक्टरांना भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "आता नामस्मरण करा." करतेच की, पण त्याने कोरडेपणा जात नाही.

परवा मित्राने यांना 'ती' गोळी दिली. पाकिटावर सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राच. यांची अँजिओप्लास्टी झालीय, खिशात सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी) असते. दोन्ही एकत्र घेतल्या तर बीपी जिवावर बेतेल इतकं खाली येऊ शकतं. पाकीट मी तांदळाच्या डब्यात लपवलंय.

कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं (बायकांच्या हार्मोनचं) क्रीम कुणी वापरलंय का? फरक पडायला किती आठवडे लागले? तोवर साधं पाण्याचं जेल पुरतं का? आणि मुलुंड ते दादरच्या पट्ट्यात दोघांचं एकत्र, न हसता ऐकून घेणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत? बाई असतील तर बरं, पण हे पुरुष डॉक्टरांसमोरच तोंड उघडतील बहुतेक.