रहस्यकथांच्या पानांतून आपल्या स्वयंपाकघरात: तुमचा अनुभव लिहा (प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याच्या नागपुरातल्या वस्तीचे नाव आहे)

धरमपेठ
मागच्या आठवड्यात गोकुळपेठेच्या बाजारात आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्यातल्या पहिल्या हंगामाची, शेवटची संत्री निवडत असताना आईच्या मार्मालेडची, म्हणजे संत्र्याच्या सालींच्या मुरंब्याची, फार आठवण झाली, म्हणून हे लिहायला घेतले आहे. आमच्या घरी इंग्रजी रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्या आईनेच आणल्या आणि त्या वाचून काही करून पाहण्याची आवडही तिचीच. ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ या 1953 सालच्या कादंबरीत सकाळच्या न्याहारीच्या मार्मालेडमधून विष दिले जाते. ते वाचून दुसरे कोणी मार्मालेडकडे वळूनही पाहिले नसते, परंतु आईला मात्र त्या घरातली न्याहारी, टोस्ट आणि कडवट संत्र्यांचा तो पदार्थ यांचेच कुतूहल वाटले आणि तिने आपल्या नागपुरी संत्र्यांचे मार्मालेड करायचे ठरवले.

इंग्लंडमध्ये ते सेव्हिलच्या कडू संत्र्यांचे करतात. त्यांची साल जाड असते आणि सालीच्या पांढऱ्या भागात व बियांत पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे पाक सहज धरतो. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सुटी, गर गोड. म्हणून आई एक किलो संत्र्यांना चार लिंबे घेत असे. दोन्हींच्या बिया आणि लिंबाच्या सालीचा पांढरा भाग मलमलच्या पुरचुंडीत बांधून, बारीक चिरलेल्या संत्र्याच्या सालींबरोबर रात्रभर पाण्यात ठेवत असे. सकाळी ती पुरचुंडी पातेल्यातच शिजवायची आणि साखर घालण्यापूर्वी दोन चमच्यांमध्ये दाबून पिळायची, म्हणजे तिच्यातून दाट, बुळबुळीत रस निघतो. साखर पाऊण किलो. पाक झाला की नाही हे पाहण्यासाठी स्टीलची छोटी ताटली आधीच बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली असे. तिच्यावर थेंब टाकून आई तो तर्जनीने हळूच पुढे ढकलत असे आणि थेंबाच्या पृष्ठभागावर सुरकुती उठली की लगेच गॅस बंद करत असे.

या कथांमध्ये खून होतो, गावातला प्रत्येक जण संशयित ठरतो, आणि तरीही चार वाजता चहा होतो, केक कापला जातो. माझ्या मते या पुस्तकांचा दिलासा गुन्हेगार सापडण्यात जितका आहे, तितकाच घरातली ही रीत मोडत नाही यातही आहे. आपणांपैकी कोणी अशा कथेतला पदार्थ करून पाहिला असेल, किंवा ती वाचताना आपलाच एखादा पदार्थ जवळचा वाटला असेल, तर त्याबद्दल सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतापनगर
मी ‘अॅट बर्ट्राम्स हॉटेल’मधला सीड केक करतो. ही अगाथा ख्रिस्ती यांचीच 1965 सालची कादंबरी आहे. त्यांच्या वयस्क, हौशी गुप्तहेर मिस मार्पल लंडनमधल्या एका जुन्या हॉटेलात उतरतात, तिथे तरुणपणी पाहिलेले सारे जसेच्या तसे आहे असे त्यांना दिसते आणि त्या जुनेपणाची खूण म्हणून चहाबरोबर खरेखुरे मफिन आणि सीड केक मिळतो. पत्नीच्या शस्त्रक्रियेनंतर तिला बराच काळ अंथरुणावर राहावे लागले, त्या दिवसांत मी तिला हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत होतो. त्या केकच्या उल्लेखाशी तिने मला थांबवले आणि तो करता येईल का असे विचारले. बऱ्याच दिवसांनी तिने आपणहून काही खायला मागितले होते.

त्यात कॅरवेचे दाणे लागतात. आपले साधे जिरे घालू नये, त्याचा स्वाद अगदी वेगळा आहे. इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानांत विलायती जिरे म्हणून ते मिळाले. लोणी आणि साखर प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम फेसून घ्यावे, दोन अंडी एकेक करून मिसळावीत, दीडशे ग्रॅम मैदा एक चमचा बेकिंग पावडरसह चाळून घालावा, दोन लहान चमचे दाणे आणि दोन चमचे दूध घालावे. आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरची रिंग आणि शिटी काढून, तळाशी मिठाचा थर देऊन, दहा मिनिटे तापवून, त्यात डबा ठेवला आणि मंद आचेवर साधारण पाऊण तास भाजला. पत्नीने एक तुकडा चहात बुडवून खाल्ला आणि पुढचे प्रकरण वाचायला सांगितले. आता ती बरी आहे आणि हा केक आमच्या घरी टिकून आहे.

मनीषनगर
काका, काकूंची तब्येत सुधारली हे वाचून बरे वाटले. आमच्या घरी अंडी चालत नाहीत. या केकमध्ये अंड्याऐवजी काय घालता येईल, हे कृपया कोणी सांगावे. पोळ्या करता करता लिहीत असल्यामुळे सध्या एवढेच लिहिते.

बजाजनगर
माझा अनुभव अमेरिकन पुस्तकांचा आहे. जोअॅन फ्लूक यांची हॅना स्वेन्सन ही नायिका मिनेसोटातल्या लेक ईडन या काल्पनिक गावात ‘द कुकी जार’ नावाचे दुकान चालवते, आणि ‘चॉकलेट चिप कुकी मर्डर’ या 2000 साली आलेल्या पहिल्या कादंबरीपासून पदार्थांच्या कृती कथेच्या मध्येच येतात. तपास एका वळणावर आलेला असतो आणि पान उलटले की लोणी किती, साखर किती हे समोर येते. काही वाचकांना यामुळे रसभंग होतो असे वाटते. मला उलट त्या ठिकाणी श्वास घ्यायला उसंत मिळते.

या कृती नागपुरात करताना मापे आधी नीट बदलून घ्यावी लागतात. त्यांचा कप सुमारे 240 मिलिलिटरचा असतो, आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान भरते. लोण्याची एक ‘स्टिक’ म्हणजे 113 ग्रॅम, आणि 350 अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण 177 अंश सेल्सिअस. ब्राऊन शुगरच्या जागी गुळाची पावडर घातली तर चव फार छान येते, परंतु गुळाचा ओलावा जास्त असल्यामुळे कुकी पसरते. त्यासाठी मैदा दोन चमचे वाढवावा. आणि मे महिन्यात, कूलर चालू असतानाही, आपल्याकडे लोणी हातात घेताच वितळते, म्हणून पिठाचे गोळे करून तासभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय भाजू नयेत. मिनेसोटाच्या बर्फात राहणाऱ्या हॅनाला ही काळजी नसावी.

रात्रपाळीहून परतल्यावर मी या कुकीज भाजते. भाड्याची खोली लहान आहे, त्यामुळे भाजलेल्या लोण्याचा वास सगळ्या खोलीभर पसरतो आणि मग शांत झोप लागते.

महाल
वरचे सर्व अनुभव आवडले, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मनापासून मांडते. या कथांचा आनंद घेण्यासाठी केकच करावा लागतो असे मला वाटत नाही. मी बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षी या गुप्तहेराच्या कथा अनुवादातून वाचल्या. 1932 सालापासूनच्या या कथांमध्ये कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरचे ते बिऱ्हाड, ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित यांच्या गप्पा आणि नोकर पुंटीरामने आणून ठेवलेला चहा हेच सारे वातावरण आहे. वाचताना मला सारखे वाटते की या दोघांना एकदा आपल्या घरी जेवायला बोलवावे आणि गोळाभात वाढावा.

आमच्याकडे पावसाची झड लागली की गोळाभात होतो, आणि त्याच दिवसांत रहस्यकथाही निघतात, त्यामुळे या दोन गोष्टी माझ्या मनात वेगळ्या होत नाहीत. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा एक वाटी, तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून थोड्या पाण्यात घट्ट मळावा आणि लिंबाएवढे गोळे वळावेत. मोहन कमी पडले तर गोळा दडस होतो, म्हणून तिथे हात आखडू नये. भात बोटचेपा होत आला की गोळे त्यावर ठेवून, झाकण घालून, मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे वाफ आणावी. पानात वाफाळता भात वाढून गोळा हाताने कुस्करावा आणि वरून मोहरी, हिंग, लाल सुक्या मिरच्यांची फोडणी घातलेले गरम तेल ओतावे. सोबत ताकाची कढी किंवा चिंचेचे सार असावे. गोळा कुस्करताना बोटे पोळतात. त्यासाठी थांबायची तयारी मात्र कोणाचीच नसते.

सदर
महालच्या ताईंचे म्हणणे मला पटते, तरीही परक्या पदार्थामागचा काळ समजून घेण्यासाठी तो एकदा तसाच करून पाहावा असे मला वाटते. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही अगाथा ख्रिस्ती यांची कादंबरी 1950 सालची आहे. तिच्यात मित्झी ही युरोपातून निर्वासित होऊन आलेली स्वयंपाकीण वाढदिवसासाठी एक अतिशय समृद्ध चॉकलेट केक करते आणि त्या घरातला तरुण त्याला ‘डिलिशस डेथ’ असे नाव देतो. ब्रिटनमध्ये तेव्हाही रेशनिंग चालू होते. मिठाईवरचे निर्बंध फेब्रुवारी 1953 मध्ये, साखरेवरचे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उठले आणि जुलै 1954 मध्ये सर्व रेशनिंग संपले. हे कळल्यावर त्या केकमधले लोणी, अंडी आणि चॉकलेट यांचा अर्थच बदलतो. एका साध्या, गरीब, वयस्क मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी घरातले सगळे साठवलेले बाहेर काढले जाते.

माझ्या आजीने रेशनच्या रांगा पाहिल्या होत्या. सणासाठी महिनोन्महिने साखर बाजूला काढून ठेवल्याच्या गोष्टी ती सांगायची. मी तिच्या वाढदिवसाला हा केक केला, मित्झीची गोष्ट तिला वाचून दाखवली आणि ती म्हणाली, “बाईनं जीव ओतला म्हणायचा.” कृती सांगायची तर गडद चॉकलेट दोनशे ग्रॅम वापरले, मैदा अगदी कमी घेतला, मनुका संत्र्याच्या रसात भिजवल्या. थंडीत हा केक दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो.

त्रिमूर्तीनगर
आजीचे शब्द वाचून डोळ्यांत पाणी आले. मी काहीच करून पाहिलेले नाही, परंतु मुलाला फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या कथा वाचून दाखवते. सत्यजित राय यांच्या या नायकाला दालमूठ फार आवडते, त्यामुळे कथा सुरू होण्याआधी आमच्याकडे वाटीत दालमूठ असलीच पाहिजे असा मुलाचा आग्रह असतो. बाजारातली फार तिखट वाटते, म्हणून मसूर रात्रभर भिजवून, फडक्यावर पूर्ण कोरडी करून, घरीच तळते. मसूर जराही ओली राहिली तर तेल फार उडते, लहान मुले जवळ असताना ही काळजी अवश्य घ्यावी.

नरेंद्रनगर
मला झोपेचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी संध्याकाळचा चहा बंद करायला सांगितला, तेव्हा फार चुकल्यासारखे होत होते. त्याच सुमारास अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची 1998 साली सुरू झालेली, आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशातली रहस्यकथांची मालिका हाती आली. त्यातल्या मा रामोत्स्वे गॅबरोनी शहरात गुप्तहेर संस्था चालवतात आणि प्रत्येक अडचणीच्या वेळी आधी लाल रूइबोसचा चहा करतात. ही वनस्पती दक्षिण आफ्रिकेतली आहे आणि तिच्यात कॅफिन नसते. डॉक्टरांना विचारून मी तो मागवला, त्यात गवती चहाची दोन पाती आणि आले घालते, आणि संध्याकाळी हातात कप असण्याचे सुख परत मिळाले.

मा रामोत्स्वे घरी भोपळाही शिजवतात. त्यावरून मी पुष्कळ दिवसांनी कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी केली. मेथीदाण्यांची फोडणी, लाल तिखट, थोडा गूळ, शेवटी भाजलेल्या खोबऱ्याचा चुरा घातला, आणि फोडी सालासकट ठेवल्या, म्हणजे त्या मोडत नाहीत. दोन वेगळ्या खंडांतल्या स्त्रियांचे संध्याकाळचे जेवण इतके जवळचे असू शकते याचा मला फार आनंद झाला.

मनीषनगर
कोहळ्याची भाजी आजच करते. माझ्या अंड्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर उपकार होतील.

प्रतापनगर
ताई, उत्तराला उशीर झाला. आमच्या शेजारी हाच केक बिनअंड्याचा करतात. दोन अंड्यांऐवजी सव्वाशे ग्रॅम ताजे, घट्ट दही आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घ्यावा, दूध वगळावे, आणि बेकिंग पावडर अर्धीच ठेवावी. दह्याच्या आंबटपणामुळे सोडा लगेच काम करू लागतो, म्हणून मिश्रण तयार होण्याआधीच कुकर तापलेला असावा. केक थोडा अधिक ओलसर होतो, परंतु दाण्यांचा स्वाद तसाच राहतो.

धरमपेठ
सर्वांचे मनापासून आभार. महाल आणि सदरच्या ताईंची मते मला परस्परविरोधी वाटत नाहीत. आई मार्मालेड टोस्टवर लावत असे आणि वडील तेच गरम पोळीला लावून खात असत, आणि दोघांनाही ते तितकेच आपले वाटत असे. मार्मालेड बाटल्यांत कसे भरून ठेवावे, असे काहींनी विचारले आहे. काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून पूर्ण कोरड्या कराव्यात, मार्मालेड गरम असतानाच बाटली गरम असताना भरावे आणि लगेच घट्ट झाकण लावावे. उघडल्यावर ती फ्रिजमध्येच ठेवावी. ज्यांची आंबिया बहराची संत्री हुकली असतील, त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहराची मिळतील. ती अधिक गोड असल्यामुळे चारऐवजी पाच लिंबे घ्यावीत.