वामनदादांची गाणी तुम्ही कुठे ऐकलीत?

ओसरीवरून
काल रात्री खालून जयंतीची मिरवणूक गेली. डीजेने खिडकीच्या काचा थरथरत होत्या, त्यात मधेच एक चाल ओळखीची वाटली. पार बदललेली, पण शेवटच्या कडव्यात 'वामन' आलं आणि मी कणकेच्या हातानेच गॅलरीत. आमचे अण्णा गाणं लागलं की शेवटच्या कडव्यापर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत. नाव आलं की मांडीवर थाप, "दादांचंच!"

वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातली देशवंडी, १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, १५ मे २००४ ला गेले. आयुष्यभर बाबासाहेबांचा विचार गात गावोगाव हिंडले. अण्णांकडे त्यांच्या गाण्यांची लाल पुठ्ठ्याची वही होती. घर बदलताना ती रद्दीत कुणी घातली हे अजून ठरलेलं नाही. आई म्हणते काकूने, काकू म्हणते आईने.

तुमच्या आठवणी लिहा. छापील माहिती नको, ती मिळते.

गंगाखेडकर
आमच्याकडं दादा म्हणलं की नामांतर. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला अन् मराठवाड्यात वस्त्या जळाय लागल्या. आम्ही लेकरं मामाकडं. रात्री कंदील बारीक करून बाया गाणी म्हणायच्या. पेटी नाही, ढोलकी नाही, आवाज गल्लीबाहेर जाऊ नये म्हणून. माझी आत्या तर भिंतीकडं तोंड करून म्हणायची. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला त्या दिवशी हीच आत्या चौकात माईक सोडंना. चार दिवस घसा बसला, खुणेनं चहा मागायची.

ओसरीवरून
भिंतीकडे तोंड करून... हे वाचून थांबलेच.

शिक्षिका_निवृत्त
साक्षरता वर्गात दादांचा किस्सा हमखास सांगायचे मी. त्यांनाही अक्षरं मोठेपणीच आली. मुंबईत कुणीतरी पत्र वाचून घ्यायला आलं आणि यांना वाचता येईना, ते मनाला फार लागलं. मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. ऐकून आमच्या एक आजी एसटीच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागल्या. "सिन्नर! नांदूर शिंगोटे! संगमनेर!" लोक त्यांना विचारून गाडीत चढायचे. कंडक्टर वैतागला.

रिकामटेकडा
😂😂 आजींना महामंडळात घ्या.

परळचा_पोरगा
बाबा गिरणीत. गेट मीटिंगला बिर्ला-टाटांना धनातला वाटा विचारणारं गाणं ठरलेलं. त्यात बाटाचंही नाव येतं. एकदा म्हणणाऱ्याच्याच पायात बाटाच्या चपला! कुणीतरी खालून ओरडलं, "तुझा वाटा मिळाला की रे!" त्याने चपला काढल्या आणि अनवाणी पूर्ण केलं गाणं. चपला नंतर सापडल्या नाहीत म्हणे.

नाशिककर७१
माझ्या आजोबांनी कर्डकांचा जलसा बाबासाहेबांसमोर झालेला पाहिला होता.

तळटीप
ते भीमराव कर्डक असणार, आधीच्या पिढीतले जलसेकार. वामनदादा वेगळे. आडनाव एक, काम एक, म्हणून गल्लत फार होते.

नाशिककर७१
आजोबा नुसतं 'कर्डक' म्हणायचे. आता विचारायला वर जावं लागेल, सध्या तरी विचार नाही.

ढोलकी_आणि_मी
डीजेवरून नाकं मुरडू नका उगाच. मी पंधरा वर्षं गायन पार्टीत ढोलकी वाजवली. पेटी, बँजो, खंजिरी आणि टेम्पोत मागे आम्ही. बिदागी म्हणजे पिठलं-भाकरी आणि परतीचं भाडं, कधी तेही नाही. आमच्या बुवांकडे छापील पुस्तक नव्हतंच. दादा जिथे मुक्काम करतील तिथे गाणी मागे राहायची, कुणाच्या वहीत, कुणाच्या तोंडात. आम्ही त्या वह्यांवरून उतरवून घ्यायचो. एकाच गाण्याची तीन गावांत तीन कडवी! भांडणं व्हायची खरं कुठलं यावरून. डीजेवाला पोरगा चौथं कडवं घालतोय, एवढंच. फक्त आवाज कमी करा, म्हातारी माणसं असतात.

कुर्ला_लोकल
आमच्याकडे सगळं प्रल्हाद शिंदेंच्या आवाजातच. गाणं लिहिलंय कुणी हे विचारायची पद्धतच नव्हती. दोघंही २००४ लाच गेले, दादा मेमध्ये, प्रल्हादजी जूनमध्ये. त्या वर्षी आमच्या चाळीतला टेपवाला दुकान बंद करून बसला होता.

मुलुंडची_ताई
मला मात्र शाहीर म्हटलं की विलास घोगरेच आठवतात. ११ जुलै १९९७, घाटकोपरच्या रमाबाई नगरातला पोलिसांचा गोळीबार, दहा माणसं गेली. त्या धक्क्यात चार दिवसांत घोगरेही गेले. आमच्याच भागात राहायचे. जास्त नाही लिहीत.

गंगाखेडकर
ताई 🙏

रिकामटेकडा
@ओसरीवरून त्या कणकेचं पुढे काय झालं?

ओसरीवरून
वाळली. खिचडी टाकली.

अंबरनाथ_पूर्व
वडिलांनी टेप केलेल्या कॅसेट आहेत घरी, जयंतीच्या कार्यक्रमाच्या. दादा स्वतः गातायत, मधे कुत्रं भुंकतंय. पण बुरशी धरलीय. लावून बघू का?

ढोलकी_आणि_मी
अजिबात लावू नका! टेप चिकटून तुटेल आणि हेडही खराब होईल. आधी कोरड्या जागी ठेवा, साफ करून मगच. माझ्याकडे चालू डेक आहे, कल्याणला.

अंबरनाथ_पूर्व
रविवारी येऊ?

ढोलकी_आणि_मी
चारनंतर या, आधी पाणी येतं. आणि वहीपेन आणा, कडवी ताडून बघायचीत मला.

ओसरीवरून
मीही येते. खिचडी आणू का?