मदत हवी आहे: विंडोजवर ‘नीट बंद झाली’ ही टेस्ट कशी लिहायची?

पायथन 3.12 मध्ये छोटं कमांड-लाइन टूल आहे: प्रोसेसला आधी नीट बंद व्हायला सांगायचं, 5 सेकंद वाट बघायची, ऐकलं नाही तर मारायची. लिनक्स, मॅकवर पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) हिरवं, म्हणजे सगळं पास. विंडोजवर ‘नीट बंद झाली’ ही एकच टेस्ट लाल.

कारण कळलंय. तिथे पॉपेनचं (पायथनमधून प्रोसेस सुरू करणारा क्लास) टर्मिनेट काय नि किल काय, दोन्ही विंडोजचं टर्मिनेटप्रोसेस हे तडकाफडकी मारणारं फंक्शनच बोलावतात. चाइल्डमधला (टेस्टने सुरू केलेल्या प्रोसेसमधला) सिग्नल हँडलर, म्हणजे थांबायचा इशारा आल्यावर चालणारा कोड, चालतच नाही.

चाइल्ड पायथनचीच आहे (विंडोजवर ‘स्लीप’ नावाची कमांडच नाही, हे कळेपर्यंत एक संध्याकाळ गेली). ती ‘तयार’ छापेपर्यंत टेस्ट थांबते, म्हणजे टायमिंगचा घोळ नाही. कंट्रोल-ब्रेक (विंडोजमध्ये कन्सोलमार्फत जाणारा थांबायचा इशारा) पाठवला तर पायटेस्टच मेलं! चाइल्डला नवा प्रोसेस ग्रुप दिल्यावर माझ्या लॅपटॉपवर जमलं. चाइल्डमध्ये सिगब्रेकचा (पायथनमध्ये कंट्रोल-ब्रेकचा सिग्नल) हँडलर आहे. पण आमचा सीआय रनर (टेस्ट आपोआप चालवणारा प्रोग्राम) बॅकग्राउंड सर्व्हिस म्हणून चालतो, कन्सोल नाही, तिथे अवैध हँडलची एरर येते.

मॉक (खऱ्या प्रोसेसऐवजी नकली) नको, ते आधीच आहेत. पीएसयूटिल (प्रोसेस हाताळायची पायथन लायब्ररी) चालेल, आणखी डिपेंडन्सी नको.

कन्सोल नसलेल्या रनरवर टेस्टपुरतं वेगळं कन्सोल उभं करून हे चालवता येतं का? कुणी केलंय? की तिथे सरळ स्किप करू?