विनाइलची फरशी वाजतेय? अनुभव लिहा

कोब्यावर किंवा जुन्या शहाबादीवर बसवलेलं विनाइल चालताना वाजत असेल, तर आवाज कसा, कधी येतो आणि कशाने थांबला ते मापांसह लिहा. आलेली उत्तरं गावाच्या नावाखाली दिली आहेत.

जळगाव
लॉकच्या (कडा एकमेकांत अडकणाऱ्या) पट्ट्यांची टकटक असेल तर आधी खालची जमीन बघा. पाय पडला की पट्टी पोकळीत दबते आणि लॉक एकमेकांवर घासतं. दोन मीटरची सरळ दांडी आडवी, उभी, तिरकी फिरवा. खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली की दोष सापडला. त्या भागातल्या पट्ट्या उचला, उंचवटा घासा, खड्डा सेल्फ-लेव्हलिंगने (आपोआप सपाट पसरणाऱ्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरा. एक मिमी जाडीला चौरस मीटरमागे साधारण 1.7 किलो माल लागतो. म्हणजे 100 चौरस फुटांत सरासरी 3 मिमी भरायचं तर 25 किलोच्या दोन गोण्या. आधी प्रायमर माराच. नाहीतर कोबा पाणी ओढून घेतो, थर सुटतो आणि पुन्हा पोकळ वाजतो.

वरून भोक पाडून गोंद सोडू नका. तरंगती (खाली न चिकटवलेली) फरशी एका जागी जखडली की शेजारचं लॉक तुटतं.

भुसावळ
फक्त उन्हाळ्यात वाजत असेल तर कडा बघा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, त्यात पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट फरशीवर. पट्ट्या फुगतात, भिंतीला टेकतात, मधे उचलल्या जातात. स्कर्टिंग काढून चहूबाजूंनी 6 ते 10 मिमी जागा मोकळी करा. कंपनीने वेगळं माप दिलं असेल तर तेच धरा. दाराच्या चौकटीखाली हमखास राहून जातं. स्कर्टिंगचा खिळा भिंतीत हवा, फरशीत नको. भिंतीत बसवायची जड कपाटंही पट्ट्यांवर ठेवू नयेत.

चोपडा
पट्टीला मागून फोम चिकटवलेला असेल तर खाली दुसरं अस्तर घालू नका. जास्त मऊ झालं की लॉक वाकतं, मग टकटक.

शिरपूर
चिकटवलेल्या टाइलचा आवाज वेगळा, चिकटपट्टी सोलल्यासारखा चरचर. तिथे गोंद सुटलेला असतो. खाली धूळ राहिली, रोलर फिरवला नाही, किंवा ओल आहे. ओल बघायला टाइल काढून दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा, किमान 16 तास ठेवा. आत थेंब जमले किंवा कोबा काळवंडला तर आधी ओल थांबवा. कोरडं असेल तर जुना गोंद खरवडा, दातेरी थापीने नवा पसरा, टाइल बसवून 24 तास वजन ठेवा.

काळ्या मातीवरच्या तळमजल्याला मात्र वर्षभर बघूनच हात घाला. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि कोबाही तिच्याबरोबर हलतो.