खुराड्यात मधमाश्या आल्या की लगेच फवारा? जरा थांबा

मोहोळवाला:
काल इथे एकाने सल्ला दिला: "कोंबड्यांच्या खाद्यावर मधमाश्या घोंगावतात? साबणाचं पाणी फवारा, एका फवाऱ्यात गार." खाली वाहवा करणारे ढीगभर. डोकंच फिरलं.

अहो, फुलोरा आटला की पोळ्यातल्या अळ्यांना भरवायला पराग मिळत नाही. मग माशी परागासारखं बारीक पीठ दिसेल तिथून उचलते. मका आणि सोयापेंडीचा भरडा म्हणजे तिची सोयच. एकदा भांड्याशेजारी बसून बघा. माशी पिठात लोळते, वीतभर वर उठते, तरंगत तरंगत अंगावरचं पीठ झाडून मागच्या पायांवर त्याची गोळी थापते आणि परत खाली. पोळ्यापासून लांब आलेली माशी चिरडली गेल्याशिवाय सहसा डंख मारत नाही.

भरडा ओला करून द्या, नाहीतर गोळीखाद्य द्या. कोंबड्यांना सकाळी उन्हं चढायच्या आत खाऊ घाला, गारठ्यात माश्या बाहेर पडत नाहीत. लांबच्या कोपऱ्यात त्याच भरड्याचा थोडा कोरडा भुगा ठेवलात तर त्या तिकडे रमतील.

तलंगवाली:
तुमच्या त्या "सहसा"चं काय करू? माझी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, पाणी प्यायला गेली आणि डोळ्याखाली डंख बसला. दुपारपर्यंत डोळा मिटला, तुरा काळवंडला, दाण्याला तोंड लावेना. अंगाला पिसं असतात हो, पण डोळे आणि तुरा उघडेच की. शिवाय घरात एकाला डंखाची ॲलर्जी आहे. तुम्हाला पोळ्याचं कौतुक, मला रोज भांडं उचलायला हात घालावा लागतो. मी फवारणार.

मोहोळवाला:
ताई, तुमच्याकडे भानगड पाण्याची आहे, खाद्याची नाही. माश्यांना स्वच्छ पाण्यापेक्षा शेवाळलेलं, वास मारणारं पाणी आवडतं. भांडं कधी घासलं होतं?

तलंगवाली:
रोज घासते. उपदेश आवरा.

तिरकस:
फवाऱ्यावरून कसले भांडता? खरी कत्तल उवांच्या पावडरीने होते. खुराड्यात पर्मेथ्रिन शिंपडायचं आणि वर विचारायचं, बागेत माश्या का दिसत नाहीत! हे विष मधमाशीला फार घातक आहे, डब्यावर छापलेलंही असतं. वाचतो कोण?

जुना_कुक्कुटपाल:
मग काय कोंबड्या उवांना खाऊ घालायच्या? तुमच्यासारखे "राख टाका" म्हणतात. माझ्या शेजाऱ्याने राखेवर भरवसा ठेवला, त्याच्या कोंबड्या फिक्या पडून अंडी द्यायच्या थांबल्या.

तिरकस:
राखेचं नाव मी घेतलंच नाही. आणि कोंबड्या फिक्या पडल्या म्हणजे ते तांबडे कोळी असणार, जाळं विणणारे नव्हेत, गोचिडीसारखे बारीक किडे. ते रात्री रक्त पितात, दिवसा दांड्यांच्या फटींत लपतात. दिवसा कोंबडीला पावडर चोळून त्यांचं काय बिघडतं? रात्री बॅटरी घेऊन फटी बघा.

जुना_कुक्कुटपाल:
फटी मलाही कळतात. या कोंबड्या पाळण्यातच म्हातारा झालोय.

तिरकस:
वय झालं म्हणून कोळी मरत नाहीत, काका.

जुना_कुक्कुटपाल:
तोंड सांभाळून. पावडर मी आत फटींतच मारतो, संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर. खाद्याच्या भांड्याजवळ कधी नाही. झालं समाधान?

तिरकस:
बरं. एवढं केलंत तर हात जोडले.

मोहोळवाला:
धागा मधमाश्यांचा होता, उवांचा अड्डा केलात. ताई, पाण्याची सवय लागलेल्या माश्या तीच जागा पुन्हा पुन्हा शोधत येतात. फवारून आजच्या मारल्या तर उद्या त्याच पोळ्यातल्या दुसऱ्या येतील. कोंबड्यांना निपलचं पाणी लावा, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी नळी, आणि लांब उथळ थाळीत खडे घालून माश्यांसाठी वेगळं पाणी भरा. ते कधी आटू देऊ नका, आटलं की स्वारी परत तुमच्या दारात.

तलंगवाली:
म्हणजे कोंबड्या माझ्या, पाणवठा तुमच्या माश्यांचा, आणि पाणी भरणार मी. छान. निपलवर कोंबड्या शिकतात का लवकर?

जुना_कुक्कुटपाल:
एक शिकली की बाकीच्या बघून शिकतात. पण मधमाश्यांच्या पेट्या पाळणाऱ्यांनीही जबाबदारी घ्यावी. पेटीच्या तोंडापुढेच खुराडं असलं आणि पेटी खवळली, तर कोंडलेल्या कोंबड्यांना पळायला जागा नसते, जीव जातो.

मोहोळवाला:
ते मान्य. पेटीचं तोंड खुराड्याकडे असूच नये, मध्ये कुंपण हवं. नाखुशीने सांगतो, इथे काका बरोबर आहेत.

तलंगवाली:
निपल लावलं, थाळीही ठेवली. माश्या थाळीवर गेल्या, कबूल. पण गोळीखाद्याला कोंबड्या शिवत नाहीत, सगळं पायाने उकरून टाकलं. आता बोला, माश्यांचे वकील.

मोहोळवाला:
भरडा ओला करा असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

तलंगवाली:
ओला आंबतो.

जुना_कुक्कुटपाल:
तासाभरात संपेल एवढाच भिजवायचा, बाई!