जॅक्सन हाइट्सचा 'आपला' नगरसेवक नक्की कोणाचा?

क्वीन्सकर: न्यूयॉर्क सिटी कौन्सिलच्या ५१ जागांपैकी २५ क्रमांकाची जागा म्हणजे जॅक्सन हाइट्स आणि एल्महर्स्ट. ७४व्या रस्त्यावर साड्या-सोन्याची दुकानं, रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर रेल्वेच्या पुलाखाली टमाले (मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ) विकणाऱ्या बायका, अधेमधे तिबेटी मोमोवाले. २०२१ मध्ये इथून शेखर कृष्णन निवडून आले, ब्रुकलिनमधून शहाना हनीफ. त्याआधी कौन्सिलमध्ये एकही दक्षिण आशियाई नव्हता, त्यामुळे पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण मतदारसंघ आखताना जनगणनेतली सगळी डोकी मोजतात आणि मत फक्त नागरिकांना. मग निम्म्या गल्लीला विचारतो कोण?

मेधा_एल्महर्स्ट: मत नाही म्हणून काम अडलं का? फेरीवाल्यांवरच्या फौजदारी शिक्षा काढायचं विधेयक कृष्णन यांनीच आणलं. तेव्हाचे महापौर अ‍ॅडम्स यांनी नकाराधिकार वापरला, तर २०२५ मध्ये कौन्सिलनं तोही मोडून काढला. त्या टमालेवालीचं मत कुठं होतं?

दुकानदार काका: वा! भाडं मी भरतो, कर मी भरतो, आणि माझ्या दारासमोर फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. मतदार मी, कायदा तिच्यासाठी. 'आपला माणूस' म्हणे!

क्वीन्सकर: काका, मग तिलाही मत द्या, हिशेब सरळ होईल. ग्रीन कार्ड किंवा वर्क परमिटवाल्या सुमारे ८ लाख लोकांना शहराच्या निवडणुकीत मत द्यायचा कायदा कौन्सिलनं डिसेंबर २०२१ मध्ये केलाच होता. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला.

दुकानदार काका: योग्यच केलं. मत हवं तर नागरिक व्हा. मी झालो.

मेधा_एल्महर्स्ट: तुमच्या वेळची रांग वेगळी होती हो. आज एच-वन-बीवर आलेल्या आपल्या पोरांची ग्रीन कार्डची वाट बघण्यातच उमेद जाते, वर नागरिकत्वासाठी सहसा आणखी ५ वर्षं. तोवर कर भरा, पोरं इथल्याच शाळेत घाला आणि गप्प बसा?

सात_नंबरची_गाडी: तुम्ही दोघं नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीचं भांडताय. इथं निकाल लागतो जूनमध्ये, डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात; ती जिंकली की नोव्हेंबर नावापुरता. पक्षाकडे नाव नोंदलेलं नसेल तर त्यात मतच नाही, मग उमेदवारांना पहिला ते पाचवा असे पसंतीक्रम कसले भरताय! काका, तुमची नोंद आहे का?

दुकानदार काका: कुठल्याच पक्षात नाही. आपण व्यापारी माणसं.

सात_नंबरची_गाडी: म्हणजे जूनमध्ये तुम्ही आणि ती टमालेवाली एकाच रांगेत. बाहेरच्या.

दुकानदार काका: नोंदणीचा फॉर्म मिळतो कुठं ते सांगा आधी.