मेलमन २ सोडायचंच आहे, पण लिस्ट ठेवायची कुठे?

अर्धविराम

मेलमन २.१ (मेलिंग लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअर; लिस्टच्या पत्त्यावर टाकलेली मेल सगळ्या सदस्यांना जाते) पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. तरी कितीतरी मुक्तस्रोत प्रकल्पांच्या मेलिंग लिस्ट अजून त्यावरच रेटल्या जातायत. होस्ट, म्हणजे लिस्ट जिथे चालते ती जागा, बदलायचाच असेल तर माझं मत असं: स्वतः सर्व्हर सांभाळायच्या भानगडीत पडू नका. पैसे घेऊन मेलमन ३, म्हणजे नवी आवृत्ती, चालवून देणारा सेवादाता गाठा. माझ्या अटी दोनच. लिस्टचा पत्ता प्रकल्पाच्या स्वतःच्या डोमेनवर हवा, सेवादात्याच्या नव्हे. आणि मूळ एमबॉक्स फाइल (सगळ्या जुन्या मेल एकत्र असलेली) व सदस्ययादी, सदस्यांच्या सेटिंगसकट, कोणाला विनंती न करता केव्हाही उतरवून घेता आली पाहिजे.

पहिल्या अटीचं मोल लगेच दिसत नाही. पण लिस्ट-आयडी हे हेडर (मेलच्या वरची माहितीची ओळ) सहसा लिस्टच्या नावावरून आणि डोमेनवरून बनतं. डोमेन तेच राहिलं तर लोकांचे मेलबॉक्समधले फिल्टर तसेच चालतात. ते बदललं की शेकडो लोकांची लिस्टची मेल इनबॉक्समध्ये सांडू लागते, आणि त्यातले बरेचजण सदस्यत्वच रद्द करून मोकळे होतात.

स्वतः का चालवू नये? मेलमन ३ म्हणजे एक प्रोग्राम नाही. मेल वाटणारा कोअर वेगळा, प्रशासनाचं पोस्टोरियस वेगळं, अर्काइव्हचं (जुन्या मेलच्या संग्रहाचं) हायपरकिटी वेगळं; खाली डेटाबेस, शेजारी मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स, शिवाय क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं. कोअर आणि हायपरकिटी यांच्यातली अर्काइव्हर की (दोघांतला सामायिक पासवर्ड) जुळली नाही तर मेल सगळ्यांना पोचते, पण अर्काइव्हमध्ये जात नाही. वरवर सगळं सुरळीत, आणि स्पूल (अडकलेल्या मेलची रांग) मात्र गपचूप फुगत जातो.

खटपट्या

असहमत. हा युक्तिवाद मेलमन ३ च्या विरोधात झाला, स्वतःच्या सर्व्हरच्या विरोधात नाही.

एमएलएमएमजे हे लिस्टचं सॉफ्टवेअर घ्या. सी भाषेत लिहिलेलं, डेटाबेस नाही, वेब इंटरफेस नाही. प्रत्येक सेटिंग म्हणजे कंट्रोल डिरेक्टरीतली एक छोटी फाइल. सदस्य व्हायला लिस्टच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि 'सबस्क्राइब' लावून मेल टाकायची, बस. अर्काइव्हसाठी पब्लिक-इनबॉक्स, जे प्रत्येक मेल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) कमिट करून, म्हणजे नोंदवून, ठेवतं. वेबवर वाचा, एनएनटीपीने (न्यूजग्रुपच्या पद्धतीने) वाचा, नाहीतर अख्खं अर्काइव्ह क्लोन करून (पूर्ण प्रत काढून) घेऊन जा. लिनक्स कर्नलच्या लिस्ट मेजरडोमो या जुन्या सॉफ्टवेअरवरून याच जोडीवर आल्या. त्यांची रोजची वाहतूक पाहता 'छोट्या प्रकल्पाला झेपणार नाही' हे काही पटत नाही.

आणि अर्काइव्ह उतरवून घेण्याची जी अट तुम्ही घातलीत, ती इथे करारात लिहायची गरजच नाही. ज्याने क्लोन केलं त्याच्याकडे ते आहेच.

डाकघर

दोघंही सॉफ्टवेअरवर भांडताय. खरी अडचण मेल पोचवण्याची आहे.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनला डीमार्कचं 'रिजेक्ट' धोरण (आमच्या नावाची मेल तपासणीत नापास झाली तर परतवा, असं इतर सर्व्हरना सांगणारं) लावलं आणि लिस्टवाल्यांची झोप उडाली. कारण सोपं आहे. लिस्ट विषयाच्या आधी चौकटी कंसात नाव घालते, तळाला तळटीप चिकटवते. त्याने मूळ लेखकाची डीकेआयएम स्वाक्षरी (मेल वाटेत बदलली नाही हे दाखवणारी) मोडते. एसपीएफ (हा सर्व्हर या डोमेनची मेल पाठवू शकतो का, ही तपासणी) लिस्टच्या सर्व्हरसाठी पास होतं खरं, पण ते पाकिटावरच्या, म्हणजे परतीच्या पत्त्याच्या, डोमेनचं. 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळत नाही. दोन्ही बाजूंनी नापास म्हणून पलीकडचा सर्व्हर मेल परतवतो. पुढचा घोळ आणखी वाईट: परत आलेली मेल, ती ज्याला जाणार होती त्या निरपराध सदस्याच्या खात्यात बाउन्स (न पोचलेली मेल) म्हणून मोजली जाते. मेलमन २ मध्ये त्याची मूळ मर्यादा ५ गुण आहे. एका याहूवाल्याने पाच दिवस लागोपाठ लिहिलं तर भलत्याच लोकांची मेल बंद होते.

यावर उपाय दोन. एक, 'फ्रॉम' बदलून तिथे लिस्टचा पत्ता घालणे. दोन, मेलला बोटही न लावणे: उपसर्ग नाही, तळटीप नाही, मजकूर जसाच्या तसा. कर्नलवाले दुसरा मार्ग घेतात आणि माझंही मत तेच.

पहिल्या मार्गाची एक बाजू लोक विसरतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्या खात्यांवर एका दिवसात ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले, आणि ही मोजणी 'फ्रॉम'मधल्या डोमेनवर होते. समजा २,००० सदस्य आहेत, त्यातले निम्मे जीमेलवर, आणि लिस्टवर दिवसाला दहा मेल येतात. हे झाले १०,०००. 'फ्रॉम' बदलला की ते सगळे तुमच्या डोमेनच्या नावावर! स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या ही जबाबदारीही मग तुमची. लोक सदस्यत्व रद्द करण्याऐवजी स्पॅमचं बटण दाबतात, हे गृहीत धरूनच चला.

खटपट्या, तुमच्यासाठी खास: भाड्याचा सर्व्हर घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) बाहेर जायला उघडा आहे का? उलटा डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) तुम्हाला लावता येतो का? आणि मिळणारा आयपी आधीच काळ्या यादीत आहे का? बरेच क्लाउडवाले पोर्ट २५ बंदच ठेवतात.

चावडीकर

२०२४ च्या पुढे येऊनही आपण मेलला बोट लावायचं की नाही यावर वाद घालतोय! डिस्कोर्स हे वेबवरच्या चर्चामंचाचं सॉफ्टवेअर घ्या. ग्नोम (लिनक्सचा डेस्कटॉप प्रकल्प) तिकडे गेलं, पायथनच्या विकासाच्या चर्चाही तिकडे गेल्या. नियंत्रण चांगलं, शोध चांगला, चुकीच्या विषयात टाकलेलं उत्तर हलवता येतं. ज्यांना मेलच हवी त्यांच्यासाठी मेलिंग लिस्ट मोड आहे, मेलनेच उत्तर देता येतं. जुनं एमबॉक्स आत घ्यायची स्क्रिप्टही त्यात आहे. नव्या माणसाला 'आधी सदस्य हो, मग पुष्टीची मेल शोध, मग साध्या मजकुरात लिही' हे सांगणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं.

खटपट्या

तुमच्या प्रकल्पात पॅच (कोडमधले बदल दाखवणारा मजकूर) मेलने येत नसतील तर मुद्दा मान्य. येत असतील तर विसरा. डिस्कोर्स आलेल्या मेलचं मार्कडाउन (खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) करतं. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा, अधिक-उणे यांचे अर्थच बदलतात. त्या पानावरून उचललेला पॅच गिटला लागत नाही. आणि फांद्या फुटणारी चर्चा तिथे एका रांगेत सपाट होते. सहा पॅचच्या मालिकेवरचं परीक्षण तसं वाचून बघा एकदा.

डाकघर

आणि डिस्कोर्सने मेलचा प्रश्न सुटत नाही. तेही मेलच पाठवतं, तेही तुमच्याच डोमेनवरून.

मधली_फळी

कुठेही जा, पण जुन्या होस्टकडून काय घेताय ते नीट बघा. पायपरमेलच्या (मेलमन २ च्या अर्काइव्हच्या) पानावर महिन्याच्या गाठोड्यांच्या मजकूर-फाइली दिसतात. ते खरं एमबॉक्स नव्हे! त्यात पत्ते सहसा झाकलेले असतात आणि जोडपत्रं काढून टाकलेली असतात. खरी फाइल सर्व्हरवर खाजगी अर्काइव्हच्या डिरेक्टरीत असते, ती मागून घ्या. सोबत प्रत्येक लिस्टची कॉन्फिग पिकल फाइलही (लिस्टच्या आणि सदस्यांच्या सेटिंगची). नुसती पत्त्यांची यादी नेलीत तर कोणाला डायजेस्ट (अनेक मेलचा एकच गठ्ठा) हवं होतं, कोणी मेल थांबवली होती, हे सगळं जातं. सुट्टीवर गेलेल्या माणसाला अचानक रोज चाळीस मेल. त्या पिकलमध्ये सदस्यांचे पासवर्ड उघड्या मजकुरात असतात, तेव्हा ती चॅटवर फिरवू नका.

एमबॉक्स आत घेण्याआधी मेलच्या मजकुरात 'फ्रॉम'ने सुरू होणाऱ्या ओळी साफ करा. मेलमन २ सोबत त्यासाठी क्लीनआर्च स्क्रिप्ट येते. नाहीतर एका मेलचे दोन तुकडे होतात आणि दुसऱ्याला ना तारीख ना लेखक. आधी आणि नंतर मेलची संख्या मोजून ताडून बघा. हायपरकिटीत शोधासाठी व्हूशऐवजी झापियन लावा; मोठ्या अर्काइव्हवर व्हूश रांगतं.

पायपरमेलची जुनी एचटीएमएल पानं मात्र टाकू नका, आहेत त्याच पत्त्यावर स्थिर ठेवा. बगच्या नोंदींत आणि कमिटच्या संदेशांत त्यांचे दुवे आहेत. नवीन अर्काइव्ह पत्ते वेगळ्याच पद्धतीने बनवतं.

बदलाच्या दिवशी: एमएक्सचा (डोमेनची मेल कुठे जाते ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी धरून ठेवायचा वेळ, आधीच ३०० सेकंदांवर आणलेला असावा. जुन्या लिस्टवर आणीबाणीचं नियंत्रण लावून मेल अडवा, शेवटचं एमबॉक्स उचला, आत घ्या, मोजा, मग एमएक्स फिरवा. जुन्या सर्व्हरवरचं पोस्टफिक्स आठवडाभर चालू ठेवून येणारी मेल नव्याकडे ढकला, कारण काहीजणांचा डीएनएस जुनंच धरून बसतो.

अर्धविराम

खटपट्या, गिटमधलं अर्काइव्ह छान दिसतं, पण एखाद्याने युरोपच्या जीडीपीआर या खाजगी माहितीच्या कायद्याखाली 'माझी मेल काढा' म्हटलं की काय कराल? पुसायचं साधन आहे, पण ते इतिहास पुन्हा लिहितं, आणि लोकांनी आधी केलेले क्लोन तसेच राहतात. जी गोष्ट तुम्ही फायदा म्हणून सांगितलीत तीच इथे आडवी येते.

खटपट्या

सार्वजनिक लिस्टची मेल पाठवल्या क्षणी हजारो मेलबॉक्समध्ये पडते. तिथून तुमचा सेवादाता कशी पुसणार आहे? आपल्या प्रतीतून काढायची आणि तसं सदस्य होण्याच्या पानावर आधीच स्पष्ट लिहायचं, एवढंच दोघांच्याही हातात आहे.

डाकघर

हे मान्य. पण मला अजून कोणी सांगितलं नाही की रविवारी रात्री रांगेत पाच हजार मेल अडकल्या तर उठणार कोण. एकच माणूस असेल तर अर्धविराम यांचा मार्ग घ्या. तीन असतील आणि तिघांनाही डोमेन रजिस्ट्रारचा पासवर्ड माहीत असेल, तर खटपट्यांचा.